लेकीच्या खोलीपर्यंत नेट पोचतं का?

(समुदाय रेडिओवरून झालेलं भाषण. ज्या गटांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)



आज आपण पुण्यातल्या बिबवेवाडीच्या वाय-फायबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पुण्यातल्या वाय-फायचा आणि आपल्या बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे. बिबवेवाडी म्हणजे मार्केट यार्डाच्या शेजारचा भाग. आपला कांदा, मेथी, टोमॅटो टेम्पोनं जिथं उतरतो, तिथून दक्षिणेकडं निघालं की बिबवेवाडी लागते. तिच्या वरच्या अंगाला अप्पर इंदिरानगर. तिथं १९८३ साली सुरू झालेलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. थोडं पलीकडं धनकवडी-कात्रजच्या बाजूला भारती विद्यापीठ आहे. त्यामुळं या सगळ्या भागात गावोगावची मुलं-मुली शिकायला राहतात. कुणी कॉलेजच्या वसतिगृहात, कुणी खासगी होस्टेलवर, तर कुणी चौघी-पाचजणी मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

यंदा आपल्यापैकी कुणाची लेक, कुणाची पुतणी, कुणाची नात अशा खोलीत राहत असेल. राज्य सरकारनं २०२४-२५ या वर्षापासून मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फीबाबत मोठा निर्णय घेतला. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळालेल्या, ठरावीक प्रवर्गातल्या आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. त्यामुळं आणखी काही घरांनी लेकीला पुण्याला पाठवायचं धाडस केलं. पण फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, मेस आणि नेट यांचा खर्च आपल्यालाच करायचा असतो.

नेट ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा. कॉलेजचं काम ऑनलाइन जमा करायचं. परीक्षेचं प्रवेशपत्र नेटवरून काढायचं. शेवटच्या वर्षाला नोकरीची मुलाखतसुद्धा बऱ्याचदा व्हिडिओवर होते. अर्जाच्या शेवटच्या रात्री नेट गेलं, तर वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपण फारशी बोलत नाही. लेक म्हणते, "अगं आई, काल नेट नव्हतं, म्हणून फोन लागला नाही." आपण वरवर "बरं" म्हणतो, पण घरात कुणीतरी म्हणतंच, "पुण्यासारख्या शहरात नेट नाही? काहीतरी सांगते ती." मग संशय येतो. वाय-फायचे पैसे भरूनही ती मोबाइलवर वेगळं रिचार्ज मारते, म्हणजे खर्च दुप्पट. रात्री सिग्नलसाठी गच्चीवर नाहीतर जिन्यात जाऊन बसते, म्हणजे आपल्या जिवाला घोर. म्हणून आज समजून घेऊ, की पुण्यासारख्या शहरातसुद्धा खोलीत नेट का पोचत नाही आणि कमीत कमी पैशात ते कसं सुधारायचं. माझं सांगणं थोडक्यात एवढंच आहे: मोठा पंप घेण्याआधी पाइपाची गळती शोधा.

नेट वेगळं, वाय-फाय वेगळं

गावातली नळ योजना डोळ्यांपुढं आणा. टाकीतून मोठ्या पाइपानं पाणी आपल्या दारातल्या नळापर्यंत येतं. तिथून पुढं स्वयंपाकघरातल्या पिंपापर्यंत ते आपण नेतो, हंड्यानं किंवा नळीनं. पिंपात पाणी कमी आलं तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक तर नळालाच पाणी कमी आहे, किंवा नळाला भरपूर आहे पण आपल्या नळीला भोक पडलंय.

नेटचंही तसंच. कंपनीची तार, म्हणजे आजकाल काचेच्या धाग्याची फायबर केबल, इमारतीतून खोलीपर्यंत येते. ती झाली नळाची लाइन. तिच्या टोकाला जो अँटेनावाला डबा असतो तो राउटर, म्हणजे नळ. राउटरपासून लेकीच्या लॅपटॉपपर्यंत नेट हवेतून जातं, त्याला म्हणायचं वाय-फाय. ती झाली आपली नळी.

कंपनी जो वेग सांगते, समजा १०० एमबीपीएस, तो नळापर्यंतचा असतो. पुढं हवेत किती सांडलं, याची जबाबदारी ती सहसा घेत नाही. म्हणूनच "नेट खराब आहे" अशी तक्रार केली की कंपनीचा माणूस राउटरशेजारी उभा राहून वेग मोजतो, "ताई, बरोबर येतंय" म्हणतो आणि निघून जातो. तो खोटं बोलत नसतो आणि आपली लेकही खोटं बोलत नसते. तो नळाजवळ मोजतो आणि ती पिंपाजवळ बसलेली असते.

गळती कुठं आहे, हे तीन वेळा मोजून कळतं

मोबाइलवर वेग मोजायची सोय फुकट मिळते. नेटवर "स्पीड टेस्ट" असं शोधलं की येते. मोजताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करायचा, नाहीतर वाय-फायऐवजी सिमकार्डाचंच नेट मोजलं जातं. लेकीला तीन ठिकाणी मोजायला सांगा.

पहिलं, राउटरपासून दोन हातांवर उभं राहून. दुसरं, ती जिथं रोज अभ्यासाला बसते तिथं, दार लावून. तिसरं, जमलं तर लॅपटॉपला लॅन केबल लावून, म्हणजे राउटरला थेट तारेनं जोडून.

राउटरजवळ वेग चांगला आणि खोलीत वाईट असेल, तर दोष वाय-फायचा. तारेनं जोडूनही वेग कमीच असेल, तर दोष कंपनीच्या लाइनचा. सकाळी चांगला आणि रात्री नऊनंतर वाईट असेल, तर दोष गर्दीचा. ही गर्दी खोलीतल्या मैत्रिणींची असेल, इमारतीतल्या इतर राउटरची असेल, नाहीतर कंपनीच्या लाइनवर सगळ्या भागाचा भार असेल.

हे एकदाच मोजून भागत नाही. तीन दिवस सकाळी, दुपारी, रात्री मोजायचं आणि लिहून ठेवायचं. आपण गटाची वही लिहितो ना, तारीख, रक्कम, सही? तशीच ही वही: तारीख, वेळ, जागा, वेग. तीन दिवसांत खरं काय ते दिसतं. लेकीच्या बोलण्यावर शंका घ्यायलाही मग जागा राहत नाही.

राउटर म्हणजे छोटंसं रेडिओ केंद्र

तुम्ही आत्ता हे भाषण रेडिओवर ऐकताय. आमच्या अँटेनामधून निघालेली लाट तुमच्या घरी पोचते. राउटरही तेच करतो, फक्त फार लहान प्रमाणात. समुदाय रेडिओला नियमानं १०० वॉटपर्यंत ताकद वापरता येते, आणि ती काही किलोमीटर जाते. घरगुती राउटरची ताकद साधारण एक दशांश वॉटच्या आसपास असते. आपल्या घरातला एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो, म्हणजे राउटर त्याहूनही कितीतरी दुबळा.

दुसरा फरक लाटेच्या लांबीचा. एफएम रेडिओची एक लाट सुमारे तीन मीटर लांब असते. घराच्या भिंती तिला फारशा अडवत नाहीत. वाय-फायची लाट आखूड असते. वाय-फायचे दोन मुख्य पट्टे आहेत, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. पहिल्याची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त. दुसऱ्याची साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं. लाट जितकी आखूड तितकी ती भिंतीत जास्त जिरते. म्हणून २.४ चा पट्टा लांब पोचतो पण वेग कमी देतो, आणि ५ चा पट्टा वेग भरपूर देतो पण एक-दोन भिंतींतच दमतो.

इथं एक गैरसमज दूर करू. फोनमध्ये वाय-फायच्या नावापुढं "५जी" दिसलं म्हणजे ते मोबाइल कंपनीचं ५जी नव्हे. वाय-फायमधला ५ म्हणजे ५ गीगाहर्ट्झचा पट्टा. मोबाइलमधलं ५जी म्हणजे पाचवी पिढी. नाव सारखं दिसतं, वस्तू वेगळी.

आता अंतराचा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लाटेची ताकद पावपट होते. मधे भिंत आली तर आणखी कमी. साध्या विटांच्या भिंतीतून थोडं जिरतं, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीतून आणि स्लॅबमधून बरंच जास्त. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा लाटेला परत फिरवतात. आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो म्हणून. पाण्याची टाकी लाट शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन तर २.४ च्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळं तो चालू असला की शेजारचं वाय-फाय अडखळतं.

आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राउटर कुठं असतो बघा. केबल दारातून आत येते, म्हणून बसवणारा माणूस दाराच्या वरच राउटर ठोकून जातो. नाहीतर तो असतो चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागं किंवा माळ्यावर भांड्यांच्या मधे. मुली अभ्यास करतात आतल्या खोलीत. मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि एक बाथरूम. मग नेट पोचणार कसं?

गायरानातली गर्दी

आमच्या रेडिओ केंद्राला सरकारनं ठरवून दिलेली एक फ्रिक्वेन्सी आहे. आमच्या या भागात तिच्यावर दुसरं कुणी बोलू शकत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेली जमीन जशी, तशी ती. वाय-फायचा पट्टा मात्र गायरानासारखा आहे. आपल्या देशात २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली आणखी मोठ्या प्रमाणात खुला झाला. खुला झाला म्हणूनच वाय-फाय घरोघर आलं. पण गायरानात सगळ्यांचीच गुरं चरतात.

बिबवेवाडीतल्या एका इमारतीत वीस फ्लॅट असले, तर वीस राउटर असू शकतात. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल नावाच्या वाटा आहेत १३, पण एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. वीस राउटर आणि तीन वाटा. लेकीच्या फोनवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात, तरी पान उघडत नाही, त्याचं एक मोठं कारण हे. आवाज पोचतोय, पण गलका फार आहे. ५ च्या पट्ट्यात वाटा कितीतरी जास्त आहेत, आणि त्याची लाट शेजाऱ्याच्या भिंतीतच थबकते, म्हणून तिथं गर्दी कमी.

बैठकीची शिस्त

एका राउटरवर चौघींचे फोन आणि लॅपटॉप चालतात, ते कसं? वाय-फायचा नियम आपल्या गटाच्या बैठकीसारखा आहे. एका वेळी एकीनंच बोलायचं. आधी कान द्यायचा, दुसरी बोलत असेल तर थांबायचं, शांतता झाली की बोलायचं. दोघी एकदम बोलल्या तर दोघींनीही थांबून पुन्हा सांगायचं.

समजा, शेवटच्या रांगेत एक मावशी बसल्यात आणि त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांच्याशी हळू आणि पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. बैठक सगळ्यांचीच लांबते. वाय-फायमध्येही लांबच्या खोलीतला, कमी सिग्नलचा एक फोन हवेतला जास्त वेळ खातो आणि राउटरजवळ बसलेल्या मुलीचंही नेट मंदावतं. म्हणजे आतल्या खोलीतल्या मुलीची अडचण फक्त तिची नसते. तिला सिग्नल नीट मिळाला तर सगळ्यांचंच नेट सुधारतं.

मोठा प्लॅन घ्यायचा का?

मुली पहिल्यांदा हाच उपाय सांगतात: "आई, प्लॅन मोठा घेऊया." तर हिशेब करू. ऑनलाइन तासाला किंवा व्हिडिओ मुलाखतीला साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ बघायला सुमारे ५. चौघींनी एकाच वेळी व्हिडिओ लावले तरी २० होतात. म्हणजे चौघींना ५० चा प्लॅन पुरेसा आहे, पण तो खोलीपर्यंत पोचला तर.

समजा, आता महिना ६०० रुपयांचा प्लॅन आहे आणि मोठा १,००० रुपयांचा. १८ टक्के जीएसटी धरला तर ७०८ आणि १,१८०. फरक महिन्याला ४७२ रुपये, वर्षाला ५,६६४ रुपये. एवढे पैसे घालून नळाला पाणी वाढेल, पण भोक पडलेली नळी तशीच राहील. लॅन केबल काहीशे रुपयांत येते, आणि राउटरची जागा बदलायला तर पैसाच लागत नाही.

वेगाच्या आकड्याबद्दल आणखी एक. कंपनी जो आकडा सांगते तो मेगाबिटचा, आणि फाइलचा आकार असतो मेगाबाइटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० चा प्लॅन असला तरी एका सेकंदाला साडेबाराच मेगाबाइट उतरतात. फसवणूक नाही ही, मापं वेगळी आहेत. पायली आणि शेर असतात तशी.

उपाय, फुकटापासून सुरुवात

एक. राउटर खोल्यांच्या मधोमध, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. कपाटात, माळ्यावर, टीव्हीमागं नको. अँटेना उभे असू द्या. जागा बदलताना फायबरची केबल मात्र जपून हलवा. ती काचेची असते. करकचून वाकवली किंवा कपाटाखाली दाबली की आतला उजेड गळतो आणि नेट मंदावतं किंवा बंद पडतं. फायबर पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाकडूनच लांब करून घ्या.

दोन. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या. राउटरच्या खोलीत ५ चा पट्टा वापरा, लांबच्या खोलीत २.४ चा. त्या २.४ ला १, ६ आणि ११ यांपैकी कमी गर्दीचं चॅनेल लावा. कुठं गर्दी कमी आहे हे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलींना हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन. जो लॅपटॉप एकाच टेबलावर असतो त्याला केबल लावा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, फ्लॅटमध्ये दहा-पंधरा मीटर पुष्कळ झाले. केबलवाला लॅपटॉप हवेतल्या बैठकीतून उठतो, म्हणजे बाकीच्यांनाही जागा होते. नव्या लॅपटॉपला केबलची खाच नसली तर यूएसबीला लावायचा जोड मिळतो.

चार. मोठ्या फाइली आणि अपडेट रात्री उशिरा उतरवायचे, असं चौघींनी मिळून ठरवा. विहिरीवरच्या पाळीसारखं. कुणाची परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या तासाला बाकीच्यांनी व्हिडिओ लावायचा नाही.

पाच. राउटर फार जुना आणि फक्त २.४ चा असेल, तर दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड घ्या. आधी कंपनीलाच बदलून मागा.

सहा. एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर दुसरं यंत्र बसवावं लागेल. दुकानात रिपीटर किंवा एक्स्टेंडर मिळतो. तो निरोप्यासारखा असतो. आधी राउटरचं ऐकतो, मग तेच पुढं सांगतो. दोन्ही कामं त्याच हवेत होत असल्यानं साध्या रिपीटरवर वेग साधारण निम्मा होतो. निदान तो राउटर आणि खोली यांच्या मधे ठेवा. कोरड्या खोलीतच ठेवला तर त्यालाच काही ऐकू येत नाही, मग तो सांगणार काय? त्यापेक्षा राउटरपासून केबल ओढून तिच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवणं कधीही चांगलं.

होस्टेलचं गणित वेगळं

समजा, खासगी होस्टेलमध्ये तीस मुली आहेत. प्रत्येकीचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे साठ यंत्रं. मालकानं खालच्या मजल्यावर ऑफिसात एक घरगुती राउटर ठेवला आणि बाहेर पाटी लावली, "वाय-फाय फ्री". तिथं मुलींनी चॅनेल बदलून काही होणार नाही. अशा ठिकाणी प्रत्येक मजल्यावर, गरज पडली तर एका मजल्यावर दोन, ॲक्सेस पॉइंट लागतात, आणि ते केबलनं मुख्य लाइनला जोडलेले हवेत. लाइनही तीसजणींच्या मानानं मोठी हवी. हा खर्च मालकाचा आहे, कारण भाड्यात त्यानं नेट धरलेलं आहे.

पण एकटी मुलगी बोलायला गेली की उत्तर मिळतं, "तुझाच फोन जुना असेल." इथं आपला गटाचा अनुभव कामाला येतो. पाच खोल्यांतल्या पाच मुलींनी तीन दिवस वही लिहावी. कोणत्या मजल्यावर, किती वाजता, किती वेग. मग सगळ्यांनी मिळून एका कागदावर सह्या करून मालकाला द्यावं आणि मागणी नेमकी लिहावी: "दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर ॲक्सेस पॉइंट बसवा." "नेट सुधारा" एवढंच म्हटलं तर काहीच होत नाही. नेमकी मागणी टाळणं अवघड जातं. आपण ग्रामपंचायतीत पाण्याचं, रस्त्याचं काम असंच करून घेतो ना?

कंपनीचा दोष असेल तर

फायबरच्या डब्यावर "एलओएस" असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल लागला किंवा लुकलुकला, तर उजेडच येत नाही, म्हणजे केबल कुठंतरी तुटलीय किंवा निघालीय. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. सरळ तक्रार करा.

तक्रार केली की कंपनीनं नंबर द्यायलाच हवा. तो वहीत लिहा. ट्राय, म्हणजे देशाचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्यांच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं दाद मागता येते. त्याला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथंही बोलता येतं. आणि लक्षात ठेवा, २०२३ पासून आपल्या देशात २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. आधी ही मर्यादा अर्ध्या एमबीपीएसची होती.

कधी कधी महिनाअखेरीलाच वेग एकदम पडतो. अनेक प्लॅनमध्ये "अमर्याद" लिहिलेलं असलं तरी ठरावीक डेटा संपला की वेग उतरवतात. ती मर्यादा किती, हे प्लॅन घेतानाच विचारा.

पासवर्डचीही काळजी

फ्लॅटमधल्या मुली दरवर्षी बदलतात, पासवर्ड मात्र तोच राहतो. आधीच्या भाडेकरूला, शेजाऱ्याला, कधी खालच्या दुकानदारालाही तो माहीत असतो. मग आपल्या नळावर दुसऱ्यांचे हंडे भरतात. नवी मुलगी आली-गेली की पासवर्ड बदलायचा. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्डही बदलायचा. दुसरं असं, की जोडणी ज्या मुलीच्या नावावर असते, त्या जोडणीवरून कुणी गैरप्रकार केला तर पहिली विचारणा तिच्याकडं होते. म्हणून कुणाच्या नावावर जोडणी आहे, वर्गणी किती, पासवर्ड कुणाला द्यायचा, हे चौघींनी कागदावर लिहून ठेवावं.

डिपॉझिट देण्याआधी

जून-जुलैत आपण लेकीला सोडायला पुण्याला जातो. खोली बघताना नळ सोडून पाणी बघतो, खिडकीची कडी बघतो, आजूबाजूची वस्ती बघतो. आता त्यात नेटही धरा. हे पाच प्रश्न लिहून घ्या.

१. राउटर कुठं आहे? खोलीपर्यंत मधे किती भिंती आहेत?
२. एका राउटरवर किती मुली आहेत?
३. अभ्यासाच्या जागी बसून, दार लावून मोजला तर वेग किती येतो?
४. रात्री नऊनंतर कसं चालतं? हे मालकाला विचारू नका, तिथं आधीपासून राहणाऱ्या मुलीला विचारा.
५. नेट बंद पडलं तर कुणाला सांगायचं, आणि हे भाडेकरारात लिहिलंय का?

हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. आई नेटबद्दल विचारते आहे म्हटल्यावर मालकही सावरून बसतो.

हीच रीत गावातही चालते. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, शाळेत, आपल्या गटाच्या खोलीत वाय-फाय असूनही चालत नसेल, तर आधी राउटरजवळ मोजा, मग टेबलाजवळ मोजा, मग वहीत लिहा. राउटर लोखंडी कपाटावर फायलींच्या मागं दडपलेला असेल तर आधी तो बाहेर काढा.

या आठवड्याचं काम एवढंच, मैत्रिणींनो. लेकीचा फोन आला की "नेट का नव्हतं?" असं विचारू नका. "राउटरजवळ किती वेग येतो आणि तुझ्या टेबलाजवळ किती?" असं विचारा. पहिल्या प्रश्नानं ती गप्प होते, दुसऱ्यानं ती मोजायला उठते. काय आकडे आले ते पुढच्या बैठकीत गटात सांगा, म्हणजे ज्यांच्या मुली यंदा पहिल्यांदाच जाणार आहेत त्यांनाही उपयोग होईल.